जाळं न टाकण्याची मजुरी

सांगलीच्या आमच्या कार्यालयातला माठ फुटला, तेव्हा शिपाई तुकाराम नवा आणायला निघाला. साहेबांनी त्याला दारात थांबवलं.

"कितीला पडेल?"

तुकारामने किंमत सांगितली.

"ही झाली विकत घ्यायची किंमत. परत आणायची किती?"

"फुटल्याला परत कसा आननार, साहेब?"

"तेच विचारतोय. नव्या माठाचा मातीचा वास जायला आठ दिवस जाणार. तोवर पाणी पिववणार नाही. मग तुम्ही सगळे समोरच्या हॉटेलात चहाला जाणार, आणि टेबलं रिकामी राहणार. ते कुठल्या खर्चात धरायचं?"

तुकारामने माझ्याकडे बघून हसू दाबलं. मला मात्र हसायला वेळ नव्हता. सकाळी आल्या आल्या दिवसाच्या कामांची यादी करायची आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावर काट मारायची, ही माझी सवय तेव्हापासूनची, आणि त्या दिवशीच्या यादीत माठ नव्हता.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी माशांच्या खात्यात कनिष्ठ लिपिक म्हणून नुकती लागले होते आणि हे साहेब आमचे अधिकारी होते. माणूस दक्षिण कोकणातल्या एका खाडीकाठचा. खात्याने त्यांना समुद्र सोडून इकडे का धाडलं, याबद्दल कचेरीत तीन-चार कथा होत्या. त्यातली एकही मी तपासली नाही. पायात रबरी चपला, पँटचे पाय नेहमी दुमडलेले, आणि काखेत छत्री. आटपाडीसारख्या कोरड्या भागातही छत्री. कुणी विचारलं की म्हणत, "पावसासाठी नाही, खोली मोजायला." आणि खरंच ती छत्री तळ्यात उभी खुपसून ते पाणी मोजत.

नदीवर गेले की ओंजळीत पाणी घेऊन आधी वास घेत, मग तोंडात घोळवून थुंकत. मासे मात्र खात नसत. कोकणातला माणूस मासे खात नाही म्हटल्यावर लोक आजारी असेल असं समजून चौकशी करायचे.

'परत आणायला किती?' हा प्रश्न त्यांनी सगळ्याला लावला होता. स्कूटरसाठी शेड बांधायची म्हणून कचेरीच्या आवारातली बाभळ तोडली, तेव्हा त्यांनी बाभळ परत आणण्याचं रीतसर अंदाजपत्रक मला टंकायला दिलं. रोप, खड्डा, पाणी, कुंपण, आणि सगळ्यात मोठी रक्कम शेवटी: रोप मोठं होईपर्यंत शेळ्या हाकायला एक माणूस. हेडक्लार्कांनी तो कागद पुठ्ठ्याखाली दाबून ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, याची प्रत वर पाठवू नका. वर आपल्याला वेडे समजतील."

मला स्वतःला तेव्हा ते वेडच वाटत होतं. माझं मत पालटलं ते दुष्काळात.

साताऱ्याचा जादा कारभारही साहेबांकडे होता. बहात्तरच्या दुष्काळात म्हसवडकडच्या एका तलावावर आम्ही जीपने गेलो. तलाव कसला, मधोमध डबकं उरलं होतं आणि त्यात मरळ जातीच्या शेवटच्या मासळ्या चिखलात तोंड खुपसून होत्या. लोक पाट्या घेऊन उतरलेले. साहेबांनी कुणालाही हुसकावलं नाही. कडेकडेचं सगळं त्यांना नेऊ दिलं, आणि अगदी मधला खड्डा तेवढा बाभळीच्या काट्यांनी वेढून घेतला. मग शेजारी दुष्काळी काम चालू होतं तिथल्या मुकादमाला म्हणाले, "या कुंपणाशी एक बाई बसव आणि तिची हजेरी लाव."

"खडी फोडल्याबिगर हजेरी?" मुकादम म्हणाला. "आवं साहेब, माझी नोकरी घालवताय का?"

"ती राखण करणार आहे."

"कशाची? चिखलाची?"

"होय. चिखलाची."

शेवटी तहसीलदारांकडून तसं लिहून आणलं तेव्हा मुकादम वळला. एक म्हातारी बसवली. पंधरवड्याने आम्ही परत गेलो तर ती रडकुंडीला आलेली.

"बसून पैसं मिळत्यात खरं बाबा, पर बसनं लय अवघड हाय. माझी सून उनात खडी फोडतीया आन मी हितं गप. समदी मला टोमनं मारत्यात. म्हातारी माशाची आय झाली म्हनत्यात."

"मग उठू नका, आजी," साहेब म्हणाले. "अवघड आहे म्हणूनच मजुरी आहे."

पुढच्या वर्षी पाऊस झाला, तलाव भरला. मत्स्यबीजाची गाडी जायच्या आधीच तिथे मरळीची पिल्लं फिरत होती. साहेबांनी त्याचा कुठे गाजावाजा केला नाही. मला फक्त एवढं म्हणाले, "बघा बाई, आणायला सरकार पैसे देतं. राखायला देत नाही. आणि परत यायचं असतं ते सगळं राखण्यातून येतं."

आटपाडीहून परतताना एकदा जीप बंद पडली. चालक मेकॅनिक शोधायला गेला आणि आम्ही एका लिंबाच्या सावलीला बसलो. त्या दिवशी ते त्यांच्या खाडीबद्दल बोलले. एरवी बोलत नसत.

त्यांच्या गावाने भातासाठी खाडीवर बांध घातला होता. खारं पाणी अडलं, आतली जमीन गोडी झाली, चार वर्षं भात पिकलं. पण बांधाआतली खाऱ्या पाण्यावर जगणारी कांदळाची झाडं वाळली, कोळंबी यायची थांबली, आणि खडकांवरची कालवं गाळाखाली गुदमरून मेली. कालवं म्हणजे शिंपल्यातला मऊ मासा, तिकडच्या बायका कोयतीने फोडून काढतात. पुढे भातही नीट येईना. तेव्हा गावाने वर्गणी काढून तोच बांध फोडला, कालवांना धरायला जागा हवी म्हणून पडाव-होड्यांतून दगड आणून टाकले.

"आली का मग कालवं?" मी विचारलं.

"आली. नखाएवढी झाली. आणि नखाएवढी असतानाच बायकांनी काढली. पहिली माझ्या आईने काढली. घरात दुसरं काही नव्हतं. बांध फोडायला वर्गणी निघाली, दगडांना निघाली. दोन वर्षं थांबणाऱ्या बायकांच्या चुलीला निघाली नाही. कुणाला सुचलंच नाही. आम्हाला वाटलं, दगड टाकले की खाडी आली."

एवढं बोलून ते छत्री घेऊन उठले आणि जीपकडे चालत गेले. त्यांनी मासे का सोडले हे मी विचारलं नाही.

कृष्णेची गोष्ट यानंतरची. दुष्काळ सरून दोन-तीन उन्हाळे झाले होते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे नदीला खोल डोह आहे आणि काठाला भोयांची पंधरा-सोळा घरं. त्या उन्हाळ्यात नदी आटलेली असताना वरच्या अंगाच्या एका साखर कारखान्याने मळीचं पाणी सोडलं. एका सकाळी डोहाचं पाणी काढ्यासारखं झालं, मासे वर येऊन तोंड वासू लागले आणि दुपारपर्यंत काठाला पांढरा थर साचला. भोयांचा कारभारी सिदू पोत्यात सापासारख्या लांब, मेलेल्या वामा घालून एसटीने थेट आमच्या कचेरीत आला. सगळ्या खोल्यांत वास भरला. हेडक्लार्क नाकाला रुमाल लावून बाहेर पळाले. साहेबांनी सिदूला खुर्ची दिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोहावर गेलो. साहेबांनी सवयीने ओंजळ भरली, वास घेतला. तोंडात मात्र घेतलं नाही.

"सिदू, तुम्ही किती दिवस जाळं न टाकता राहू शकता?"

"आमच्यात कोन मेलं तर तेरा दिस जाळं टाकत न्हाई. भाऊबंद शिधा घालत्यात. निघत्यात तेरा दिस."

"मला दोन पावसाळे पाहिजेत. पहिल्या पावसाळ्यात बीज सोडायचं. ते मोठं होऊन दुसऱ्या पावसाळ्यात अंडी घालेल. तोवर डोहात कोणी उतरायचं नाही."

सिदू हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "दोन पावसाळं? इतकं भाऊबंद कुनाला हायत, साहेब?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी अंदाजपत्रक लिहायला घेतलं. मत्स्यबीज, ते आणायची गाडी, पिल्लांना लपायला डोहात टाकायच्या काटेरी फांद्या. हे सगळं नेहमीचं. शेवटची बाब मी तीनदा वाचली आणि मग टंकली: 'भोई कुटुंबांना दोन पावसाळे व मधला काळ जाळं न टाकण्याची मजुरी.' दर त्यांनी दुष्काळी कामाचा धरला होता.

बैठक डाक बंगल्यात झाली. आमचे वरिष्ठ, कारखान्याचे एक प्रतिनिधी, सरपंच, आणि दाराशी सिदू. प्रतिनिधी भला माणूस होता. घाण पाणी अडवायला कारखाना खड्डे काढेल, बीजाचा खर्चही देईल, असं त्यांनी आधीच कबूल केलं. शेवटच्या बाबीवर मात्र ते अडले.

"म्हणजे घरी बसायचे पैसे?"

सगळे हसले. दाराशी उभा सिदूही हसला, काय करणार.

"तुमच्या गोदामावर रखवालदार आहे," साहेब म्हणाले. "महिनाभर चोर आला नाही, तर त्याचा पगार कापता का?"

"तो राखण करतो."

"हेही तेच करणार. शिवाय रखवालदाराला पोत्यातली साखर समोर दिसत असून भूक लागलेली नसते. यांना लागलेली असेल."

"साहेब, तुमची तळमळ कळते," आमचे वरिष्ठ म्हणाले. "पण हे खर्चाच्या कुठल्या शीर्षाखाली टाकू? काम केल्याचे पैसे देता येतात. न केल्याचे कसे द्यायचे?" आणि त्यांनी तांबड्या पेन्सिलीने ती बाब खोडली. त्यांचंही फार चुकलं असं आज मला म्हणवत नाही. त्यांच्या नियमावलीत खरंच तसं शीर्ष नव्हतं.

पावसाच्या तोंडाला बीज सोडलं. हार, फोटो, चहा झाला. महिना-दीड महिन्याने बाजाराच्या दिवशी मी आणि साहेब त्या गावात होतो. भोयांच्या बायका ओळीने बसल्या होत्या आणि पाट्यांत बोटभर लांबीचे मासे. सिदूची बायको हौसा पुढेच होती. साहेब तिच्या पाटीसमोर उभे राहिले.

"काय बघताय, साहेब?" ती म्हणाली. "तुमचंच हायती. वळखलं का?" आजूबाजूच्या बायका खिदळल्या. मग तिचा आवाज उतरला. "लेकरास्नी काय घालू ते आदी सांगा, मग वरडा."

"मी ओरडत नाही," साहेब म्हणाले. "तुम्ही बरोबर आहात."

हौसाने उगीच माशांवर पाणी शिंपडलं.

त्या वर्षी साहेबांनी कचेरीतला वेळ सोडून सगळा वेळ एकाच माणसामागे घालवला. गावच्या शेतकऱ्यांची पाणी उपसा संस्था होती, तिचे चेअरमन एक निवृत्त सुभेदार. मिशा, कडक इस्त्री, उसाची शेती. त्यांच्या ओसरीवर आम्ही इतक्या वेळा बसलो की त्यांचा कुत्रा आमच्यावर भुंकायचा बंद झाला.

"साहेब, आपलं साधं गनित," सुभेदार म्हणायचे. "उसाला मासा लागत न्हाई आन माशाला ऊस लागत न्हाई. मी पैसं का देऊ?"

"देऊ नका. काम द्या. पावसाळ्यात तुमच्या पंपाच्या विहिरीत गाळ भरतो, पाट फुटतात. बाहेरून माणसं आणता. भोयांना घ्या."

"आन नदीवर कवा जानार मग ते?"

"जाणार नाहीत. म्हणून तर."

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. "लय पोचलेलं हाय गड्या हे कोकनातलं!" ते माझ्याकडे बघून म्हणाले. "बरं. एक पावसाळा. फुडचं फुडं."

पुन्हा बीज सोडलं. त्या पावसाळ्यात भोयांची जाळी आढ्याला टांगलेली राहिली. माणसं चिखलात कमरेपर्यंत उतरून गाळ काढत होती, नदी शेजारून वाहत होती. मधले कोरडे महिने त्यांनी ऊसतोडीवर काढले, डोहात उतरले नाहीत. पुढच्या वर्षी संस्थेने गाळ काढायचं यंत्र भाड्याने आणलं. सुभेदारांनी तोंड चुकवलं नाही, घरी बोलावून सांगितलं. त्यांनी एकच पावसाळा कबूल केला होता आणि तो पाळला होता.

साहेब तिथून उठून सरळ भोयांच्या वस्तीत गेले. सगळे जमले. मला वाटलं, ते विनवणी करतील. ते उभ्यानेच म्हणाले, "माझ्याकडे द्यायला काही नाही. अजून एक पावसाळा पाहिजे होता. पण रिकाम्या हाताने मागायचा मला अधिकार नाही. उद्यापासून जाळी टाका. मी अडवायला येणार नाही."

जमलेल्यांतला एक म्हातारा म्हणाला, "निम्म्याला आनून सोडायचं व्हय?"

"मग काय खायाचं, तात्या?" हौसा म्हणाली. "माती?"

"तुमी जावा, साहेब," सिदू म्हणाला. "आमचं आमी बघतो."

त्यांनी बघितलं ते असं. ज्या घरांत अंगाने धडधाकट गडी होते, त्यांतले सात-आठ जण कुपवाडला कारखान्यांत लागले. काही बायकापोरं घेऊन गेले, काही एकटेच. उरलेल्या घरांत म्हातारी माणसं आणि विधवा. ठरलं ते असं: पावसाळ्याच्या महिन्यांत, कुपवाडला गेलेल्यांनी आपल्या पगारातून त्या घरांना द्यायचं आणि त्या घरांनी जाळं काढायचं नाही. डाक बंगल्यात खोडलेली ती बाब भोयांनी स्वतःवर लावून घेतली. सिदू स्वतः पहिल्या तुकडीत गेला. हौसाही त्याच्याबरोबर गेली. ओतकामाच्या भट्टीवर, वाळूचे साचे भरायला.

आम्हाला हे बऱ्याच उशिरा कळलं. तोवर राखणीचा दुसरा पावसाळा होऊन गेला होता आणि हिवाळ्यात आम्ही डोहाची पाहणी केली. जाळं जड होऊन वर आलं. मरळी, वामा, शिंगाळे, आणि त्यात वर्षाच्या आतली लहान पिल्लं. डोह स्वतःच्या अंगाने चालू झाला होता. वस्तीतला तो म्हातारा पाण्यात उभा राहून मोठ्याने हसत होता. साहेबांनी ओंजळ भरली, पाणी तोंडात घोळवलं, आणि त्या दिवशी थुंकले नाहीत.

मी अहवाल टंकला. खर्चाच्या रकान्यात जे खरोखर खर्च झालं होतं तेच लिहायचं होतं: बीज, गाडी, काटेरी फांद्या. वरून लगेच पत्र आलं. अत्यल्प खर्चात डोह पूर्ववत केल्याबद्दल अभिनंदन, आणि हीच पद्धत याच खर्चात इतर नद्यांवर राबवावी. हेडक्लार्कांनी पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. तुकारामने पेढे आणले. साहेबांनी पेढा कागदावर तसाच ठेवला आणि विचारलं, "बाई, कुपवाडला कुठली बस जाते?"

शनिवार होता, कचेरी अर्धा दिवस. माझी बहीण त्याच बाजूला राहायची, म्हणून मी बरोबर निघाले. कारखान्याच्या फाटकावर आम्ही दुपारच्या चहाच्या सुट्टीपर्यंत थांबलो. सिदू आला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. चेहरा, केस, पापण्या, सगळ्यावर काळी वाळू. त्याने पँटला हात पुसले आणि नमस्कार केला.

"डोह भरला, सिदू," साहेब म्हणाले. "मरळी आहेत. पिल्लं आहेत."

"कळलं मला. तात्यानं सांगावा धाडला हुता." काळ्या चेहऱ्यात त्याचे दात दिसले. "केवढी हाय मरळ?"

साहेबांनी हाताने दाखवलं. सिदूने ते हात नीट बघितले, आणि एक क्षण मला वाटलं, तो तसाच आमच्याबरोबर बसमध्ये चढेल.

"मग परत कधी येताय? आता या. हौसाबाईंना, पोरांना घेऊन या."

सिदू फाटकाकडे बघायला लागला. आत सायकली ओळीने लावल्या होत्या.

"आवं साहेब, डोह आत्ता कुटं चालू झालाय. उरल्यात त्या घरांपुरता हाय. आमी समदी आलो की चार म्हयन्यात पुन्यांदा तळ दिसंल." मग त्याने साहेबांकडे बघितलं. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "आन मी आलो तर फुडच्या पावसाळ्यात त्या घरांना कोन देनार? कोन ठरलंय का?"

साहेबांच्या खिशात ते अभिनंदनाचं पत्र होतं. त्यांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"नाही," ते म्हणाले. "कोणी ठरलेलं नाही."

"मग ऱ्हाऊ द्या," सिदू म्हणाला. भोंगा झाला. तो जाता जाता वळला. "तुमी जेवलाय का, साहेब? फाटकाबाहेर भजी चांगली मिळत्यात." आणि वाळूच्या ढिगाऱ्यांतून आत गेला.

मी बसची वेळ बघितली आणि चला म्हटलं. साहेबांनी रखवालदाराला विचारलं, "पाळी कधी सुटते?"

"सांजच्याला."

"बाई, तुम्ही व्हा पुढे," ते मला म्हणाले. "मी थांबतो."

"थांबून काय करणार, साहेब? त्याला काय सांगणार?"

"ते अजून मला माहीत नाही."

बस निघाली तेव्हा मी खिडकीतून मागे बघितलं. दुपारचं ऊन रखरखत होतं. फाटकासमोरच्या दगडावर साहेब बसले होते, पँटचे पाय दुमडलेले, छत्री मिटून मांडीवर, आणि नजर बंद फाटकावर.